आईचा राहिलेला पेपर

"उणे," मी म्हटलं.

आईनं आपल्या उत्तराकडे एकदा पाहिलं, कुकरकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "अधिक."

"आई, उणे! वायू पसरला की काम उणे. कितीदा सांगू?"

"अगं पण काम त्यानंच केलं ना? पिस्टन त्यानंच ढकलला. मग त्याच्या नावावर अधिक नको?"

"तुझ्या वेळी होतं तसं. आता नाही."

"आता काहून नाही? वायू बदलला का?"

पहाटेच्या वेळी असलं कुणी विचारतं का? मी तिच्या हातातून पेन ओढून घेतलं आणि ३४५८ ज्यूलच्या आधी आडवी रेघ मारली. जरा जोरातच मारली असेन, कारण कागद फाटला. आईनं फाटलेला कागद ओट्यावर सरळ केला, कुकरखालचा गॅस बारीक केला आणि म्हणाली, "बरं, पुढचं सांग."

हिंगणघाटच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या एप्रिलमध्ये रोज असंच उजाडायचं. नळाला पाणी पहाटे येई. पाणी आलं की आई उठायची आणि स्वतः उठली की मला उठवायची. मोरीत ड्रम भरत असायचा, तव्यावर पोळी असायची आणि फिजिकल केमिस्ट्रीचा प्रश्नसंच कणकेच्या डब्याला टेकून उभा असायचा. तिची ओली बोटं लागून लागून त्याची पानं फुगली होती. मी डोळे मिटूनच प्रश्न वाचायचे. "दोन मोल आदर्श वायू, तापमान तीनशे केल्व्हिन, दहा लिटरचा वीस लिटर झाला..." आणि आई पोळी उलटता उलटता म्हणायची, "थांब, थांब. दोनाचा लॉग पॉइंट तीन शून्य एक शून्य." ते तिला पाठ होतं. लॉग टेबल तिला अजून सगळं पाठ होतं. चिन्ह तेवढं उलटं यायचं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आणि माझी आईसुद्धा.

म्हणजे झालं असं होतं. आईचं लग्न झालं तेव्हा ती शेवटच्या वर्षात होती. बाकी सगळे पेपर निघाले, एक फिजिकल केमिस्ट्री राहिली. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं आणि काहून राहिली, असं कुणी विचारत नसे. फिजिकल केमिस्ट्री कुणाचीही राहते. त्यात विचारण्यासारखं काय आहे? मग माझं लहानपण, मग आजीचं आजारपण, मग नोकरी. वर्षं गेली, परीक्षेला बसायची मुदतही गेली.

नोकरी म्हणजे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, कंत्राटावर. गावोगावच्या विहिरींचं आणि हातपंपांचं पाणी बाटल्यांमधून यायचं, ते ती तपासायची. अकरा महिने झाले की कंत्राट संपे. ती दोन दिवस घरी बसून पापड लाटे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नव्या कागदावर सही करून तिथंच उभी राही. त्या वर्षी मात्र तिथं पक्क्या जागा निघाल्या. अट एकच, पदवी हवी. तिच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "निखाडेबाई, तुमचं काम मला ठाऊक आहे. पण पदवी नसेल तर मी तुमचं नाव पाठवू शकत नाही. नवीन पोरी येतील अन् तुमचं कंत्राटही बंद होईल."

आणि नेमकं त्याच वर्षी विद्यापीठानं जुन्या राहिलेल्यांना एक संधी जाहीर केली. एकच, शेवटची. पेपर मात्र आत्ताच्या अभ्यासक्रमाचा, म्हणजे माझाच. आईनं मला न सांगता फॉर्म भरला आणि मग एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "प्रणू, तुझ्या पेपरला मीही आहे बरं का."

मी हसले. मला वाटलं, गंमत करून राहिली.

गंमत वगैरे काही नव्हतं, हे मला आठवड्याभरात कळलं. आमच्या वेळी पोरं चार धडे पक्के करायची आणि बाकीचे ऑप्शनला टाकायची. पेपरात सहापैकी चार सोडवा असं असतं, त्यावर सगळ्यांचा भरवसा. मी फेज रूल ऑप्शनला टाकायचं ठरवून टाकलं होतं. आई ऐकेना. "टाकायचं कशाला? तेच आलं तर?"

"आलं तर आलं. बाकीचं सोडवू."

"नाही बाप्पा. मला एकच डाव आहे."

म्हणून फेज रूल. म्हणून इलेक्ट्रोकेमिस्ट्री. म्हणून संध्याकाळी ती कामावरून यायची, चपला काढायची, ग्लासभर पाणी प्यायची आणि पदरानं मान पुसत माझ्या समोर बसायची. हाताला क्लोरीनचा वास. मी प्रश्न वाचायचे आणि ती अर्ध्या प्रश्नात डुलकी घ्यायची. पेन हातात तसंच, मान खाली. मी म्हणायचे, "आई!" आणि ती दचकून म्हणायची, "हो, हो, उणे." बिचारीला वाटायचं, मी चिन्हच विचारलं.

कंटाळा आला होता. खोटं कशाला सांगू? शिकवायचा कंटाळा, स्वतः शिकायचा कंटाळा, कूलरच्या त्या ओल्या गवताच्या वासाचा कंटाळा. मला फर्स्ट क्लास हवा होता, एम.एस्सी.ला नागपूरला जायचं होतं. त्यासाठी बाकीच्या विषयांचाही अभ्यास करायचा होता आणि माझा अर्धा जीव ह्या बाईच्या अधिक-उणेत चालला होता. तीही कंटाळली होती. पण ती बोलून दाखवत नसे, एवढाच काय तो फरक.

बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजायचे. हंगाम संपत आला होता, त्यामुळे ते लवकर घरी यायचे आणि आम्हा दोघींकडे बघत दारात उभे राहायचे. "घरात दोन विद्यार्थिनी, म्हणजे आता स्वयंपाकी मीच," असं म्हणून खिचडी टाकायचे. त्यांच्या खिचडीत मीठ एक तर दुप्पट किंवा नाहीच. आई मुकाट्यानं खायची. मी कुरकुर केली तर म्हणायची, "खा ना पोट्टे, गरम आहे हेच पुष्कळ."

एका रविवारी दुपारी माझा तोल सुटला.

ऊन इतकं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलर नुसता गरम हवा फेकत होता. मी आईला थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या नियमाची दहा गणितं ओळीनं सोडवायला दिली होती. आकडे दहाच्या दहा बरोबर. चिन्ह सात ठिकाणी उलटं. शिवाय जिथं तिथं U च्या जागी E. त्यांच्या वेळी अंतर्गत ऊर्जेला E म्हणत.

"आई, हे काय आहे?"

"काय झालं?"

"सात! सात चुका! एक गोष्ट आहे, एकच! तेवढी लक्षात राहत नाही तुझ्या?"

"हाताला वळण पडलं गं. मला कळतं, पण हात जुनंच लिहितो."

"मग परीक्षेतही हातच लिहिणार आहे ना? म्हणूनच नापास झाली होतीस तू!"

बोलून गेले. आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते, त्या पेपरची सळसळ थांबली. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. बाबा दारात आले. मला वाटलं, आता ओरडतील. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले आणि त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे मला दिसलं, पण आईनं मान हलवून त्यांना गप्प केलं.

"अहो, टरबूज कापा ना," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उणे तर उणे. दे पुन्हा दहा."

मी दिली. तिनं सोडवली. ह्या वेळी तीनच चुकली.

पेपरच्या दिवशी सकाळपासून माझं डोकं जड होतं. आदल्या दिवशी दुसरा एक पेपर झाला होता, त्याचा शीण होता. घशाखाली घास उतरेना. आईनं दही-साखर हातावर दिली, तेवढी चाटली आणि म्हटलं, "आल्यावर जेवते." आईनं बळजबरी केली असती एरवी. त्या दिवशी तिचाही चेहरा पांढरा पडला होता. तीही जेवली नव्हती, हे मला मागाहून कळलं.

बाबांनी आमच्या दोघींच्या पर्समध्ये एकेक कांदा टाकला. आमच्याकडे उन्हात निघताना कांदा जवळ ठेवतात. स्वतःच्या खिशातही एक ठेवला. "मी व्हरांड्यात बसतो," ते म्हणाले, "काही लागलं तर." मी म्हटलं, "बाबा, आम्ही काय बालवाडीत जाऊन राहिलो का?" ते ऐकणारे थोडेच!

दुपारचा पेपर. जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर आमच्याच हॉलमध्ये लागले होते, खिडकीकडच्या रांगेत. सात-आठ जण होते. एक टक्कल पडलेले गृहस्थ, एक-दोन माझ्या मामाच्या वयाचे आणि माझी आई. तिनं निळी सुती साडी नेसली होती. कॉलेजची पोरं त्यांच्याकडे बघून खुसखुसत होती. आईनं बाकावर लॉग टेबल ठेवलं, त्यावर पेन, त्याशेजारी कांदा. मी तिला लांबून खुणेनं म्हटलं, कांदा आत ठेव. तिनं कांदा आत ठेवला आणि मला बोटानं हवेत आडवी रेघ काढून दाखवली. उणे. मला हसू आलं.

पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न पहिल्या नियमाचा. फेज रूलही आला होता, ह्या वेळी सक्तीचा, बिनऑप्शनचा. मी मनातल्या मनात आईचे पाय धरले. एक प्रश्न लिहिला, दुसरा लिहायला घेतला. पंखा डोक्यावर फिरत होता, पण वारा कुठं जात होता कोण जाणे. मधूनच अक्षरं हलायला लागली. मी पाणी प्यायले. पुन्हा लिहायला लागले तर ओळ खाली घसरत होती. मान टेकावी, जरासंच टेकावी असं वाटलं आणि मग बाक माझ्या गालाला येऊन लागला.

"अरे, अरे, पोरीला बघा!"

मानकर मॅडम सुपरव्हिजनला होत्या. त्यांनी मला धरलं. कुणीतरी पाणी मारलं. मला उलटी झाली, तिथंच, बाकाशेजारी. सगळा हॉल माझ्याकडे वळला होता. मी डोळे उघडले तेव्हा पहिली दिसली ती उभी राहिलेली आई. ती बाकाच्या बाहेर आली होती. एक हात अजून उत्तरपत्रिकेवर होता.

"बाई, तुम्ही कुठं निघाल्या?" मानकर मॅडम म्हणाल्या.

"माझी मुलगी आहे ती."

"आम्ही बघतो ना तिच्याकडे. अहो, पेपर सोडून बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही तुम्हाला. नियम आहे."

आई तशीच उभी. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. भीती म्हणावी तर भीतीही नव्हती.

मला बोलायचं त्राण नव्हतं. पण मी बोलले. "आई, बस."

ती हलली नाही.

"बस ना आई! काही नाही झालं मला. लिही तू."

मॅडमनी आणि शिपायानं मला दोन बाजूंनी धरून दाराकडे नेलं. दारातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं. आई खाली बसत होती, अगदी हळू, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखी. मग तिनं मान खाली घातली.

बाबा धावत आले. व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर मला आडवं केलं. मॅडम म्हणाल्या, "आजारी पडलेल्याला सवलत आहे, बरं वाटलं तर अर्ध्या तासात ये, पोरी. तोवर तुझी उत्तरपत्रिका मी ठेवते." मी मान हलवली. पण उठून बसले की सगळं फिरत होतं. बाबांनी कांदा हातानं फोडून नाकाशी धरला, दुपट्टा ओला करून कपाळावर टाकला आणि प्रश्नपत्रिकेनं वारा घालायला लागले. माझ्याच प्रश्नपत्रिकेनं. ती बघून मला रडू फुटलं. गेला माझा फर्स्ट क्लास. गेलं नागपूर. आणि त्याहून वाईट काय वाटलं सांगू? वाटलं, आई आली नाही. मीच बस म्हटलं होतं, तरी वाटलं.

"बाबा, आई नाही आली."

"नाही आली ना?" बाबा वारा घालायचं थांबले. "बरं झालं. लई बरं झालं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"मागच्या खेपेला आली होती," ते म्हणाले.

"कोणत्या खेपेला?"

ते हॉलच्या दाराकडे पाहून अगदी हळू आवाजात बोलायला लागले. "तू तीन महिन्यांची होतीस. हाच व्हरांडा. हाच पेपर. तुझी आजी अन् मी तुला घेऊन इथं बसलो होतो. तू रडायला लागली. दूध पाजलं, घेत नाही. पाणी, घेत नाही. रडून रडून निळी पडली. मी घाबरलो, प्रणू. मला काय कळत होतं त्या वयात? तुला उचललं अन् त्या खिडकीशी गेलो. म्हटलं, अगं, हिला बघ काय झालं. नुसतं बघ म्हटलं होतं मी. ये नव्हतं म्हटलं."

"मग?"

"मग काय! उठली. तेव्हाचे सरही हेच म्हणाले, बाई, परत येता येणार नाही. आली. हीच वेळ होती, पेपर अर्धा झाला होता. इथं ह्या पायरीवर बसली, तुला पदराखाली घेतलं अन् तू झोपली. लगेच! दोन मिनिटं नाही लागली तुला झोपायला. अन् ती तुला घेऊन इथंच बसून राहिली, पेपर संपेपर्यंत. आत पोरं लिहून राहिली होती, ते बघत."

रविवारी दुपारी मी काय बोलले होते ते मला ऐकू यायला लागलं, शब्दन् शब्द.

"मग नापास..."

"नापास कुठची ती? अर्धा पेपर कोरा राहिला, आणखी काय होणार? मी म्हटलं, सांगू सगळ्यांना, माझ्यामुळं झालं. तर म्हणते, नका सांगू. पेपर कठीण होता म्हणा. लोक पोरीचं नाव घेतील, पोरगी झाली अन् आईचं शिक्षण गेलं म्हणतील. तिच्या नावावर नको." बाबांनी नाक ओढलं. "म्हणून म्हणतो, बरं झालं नाही आली. तूच बस म्हटलं ना? मी ऐकलं इथून."

आतून बाकांची किरकिर ऐकू येत होती. खिडकी आमच्यापासून चार पावलांवर होती. म्हणजे आमचा आवाज आत जात असणार. मला पुन्हा मळमळलं, पोटातून उमाळा आला आणि त्याच्याबरोबर रडूही. मी दुपट्ट्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. बाबा घाबरले. "अगं, गुदमरशील." मी मानेनं नाही म्हटलं. काही झालं तरी आवाज करायचा नव्हता मला. आज नाही. बाबांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी माझ्या डोक्याखाली मांडी दिली आणि खिडकीकडे पाठ करून बसले.

अर्ध्या तासानं मॅडम दारात आल्या, मला पाहिलं आणि काही न विचारता परत गेल्या. ऊन व्हरांड्यात पायऱ्यांपर्यंत आलं. एक पोरगा पेपर देऊन निघाला, मग दोन पोरी. त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून गेल्या. दार उघडलं की मी बघायचे. आई नाही. पुन्हा उघडलं. आई नाही. दर वेळी जीव गोळा व्हायचा आणि दर वेळी बरं वाटायचं. त्या टकल्या गृहस्थांनीसुद्धा वेळेआधी पेपर दिला आणि घाम पुसत गेले.

शेवटची घंटा झाली.

आई बाहेर आली ती धावतच. साडीच्या निऱ्या सुटल्या होत्या, बोटांना शाई. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, मानेवर ठेवला, पायांच्या तळव्यांवर ठेवला. "ताप नाही. ताप नाही ना हो? पाणी पाजलं का तुम्ही? साखर-मीठ दिलं का?" बाबा सगळ्याला हो हो म्हणत होते. मग ती माझ्या बाकाशेजारी फरशीवरच बसली.

"प्रणू," ती म्हणाली, "पूर्ण लिहिला गं मी. शेवटच्या ओळीपर्यंत."

आणि रडायला लागली. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, लोक बघत असताना. माझ्या आईला मी असं रडताना कधीच पाहिलं नव्हतं. मानकर मॅडम उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात थांबल्या आणि मग दुसऱ्या दारानं गेल्या. मी आईच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणायचं होतं, बाबांनी सांगितलं मला.

मी म्हटलं, "चिन्ह काय घातलंस?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "घातलंच नाही."

"म्हणजे?"

"आकडा काढला अन् खाली लिहून टाकलं, हे काम वायूनं केलं. सरळ शब्दांत. आता ज्याला जे चिन्ह लावायचं ते लावून घेऊ दे. मी कशाला डोकं फोडू?"

बाबा आधी हसले. मग मी. हसताना मला पुन्हा उलटी झाली आणि आईनं ओंजळ पुढे धरली.

त्या उन्हाळी परीक्षेत माझा तो पेपर गेला. दीड प्रश्नावर कुणी पास होत नसतं. नागपूर एक वर्ष लांबलं आणि ते वर्ष मला जड गेलं, नाही म्हणत नाही. हिवाळी परीक्षेला मी पुन्हा बसले. तेव्हा पहाटे पोळ्या मी लाटायचे आणि आई डब्याशी उभी राहून प्रश्न वाचायची. माझं चिन्ह चुकलं की नुसती माझ्याकडे बघायची. आईची जागा पक्की व्हायला दिवाळी उजाडली, पण झाली. मी तिला त्या जुन्या पेपरबद्दल कधी विचारलं नाही आणि बाबांनी मला सांगितलं आहे हे तिला कळलं असेल तरी तिनं कधी दाखवलं नाही.

निकालाचा दिवस मात्र सांगायलाच हवा. जुलैचे दिवस होते. आई कामावर जायला तयार होऊन बसली होती, पण जात नव्हती. बाबा कॉलेजच्या बोर्डावर नंबर बघायला गेले होते. ते आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच आणि पायरीवरून ओरडले, "निघाली! प्रणूची आई, निघाली तू!" आई उठली आणि पुन्हा बसली. मग एकदम आठवल्यासारखं माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "अन् हिचं?"

बाबांनी मान हलवली. आईचा चेहरा पडला. मी पुड्यातला पेढा उचलला आणि तिच्या तोंडात कोंबला, तिला काही बोलताच येऊ नये असा.

एवढ्यात शेजारच्या लोणारेकाकू आवाज ऐकून दारात आल्या. हातात सूप, त्यात निवडायचे तांदूळ. बाबांच्या हातातला पुडा बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अगंबाई! पास झाली वाटते प्रणिता?"

"नाही नाही, ती नापास झाली," बाबा आनंदानं म्हणाले. "घ्या काकू, पेढा घ्या. दोन घ्या."